बाद ठरवलेलं मत

रेल्वेत बोललेलं सरांना खपायचं नाही. सकाळी आमच्या ग्योतोकु स्टेशनवर तोझाई लाइनच्या गाडीत चढलो की त्यांचे ओठ बंद. "जपानमध्ये राहायचं तर डब्यात गप्प राहायचं," हा त्यांचा नियम. पण वाद घातल्याशिवाय त्यांना सकाळचा चहाही पचत नसे. मग ते खिशातून पोस्टकार्डाएवढा कागद काढायचे, त्यावर दोन ओळी लिहायचे आणि माझ्या हातात सरकवायचे. "नाण्यावर सूर्य का ठेवला?" मी वाचून कागद परत दिला की पेनाच्या मागच्या रबरानं मजकूर घासून पुसायचे आणि त्याच कागदावर पुढचा प्रश्न लिहायचे. इथं मिळणारं ते खोडायचं पेन. घासलं की कागद तापतो आणि शाई दिसेनाशी होते. एक कागद त्यांना आठवडाभर पुरायचा. शेजारचा जपानी माणूस आम्हा दोघांकडे असा बघायचा, जणू आम्ही शाळेत कॉपी करतोय.

सर आमच्या विद्यापीठातल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे रखवालदार होते. हुद्दा मोठा होता, पण रखवालदार हाच शब्द बरोबर. त्यांच्या परवानगीशिवाय त्या खोलीत माशी जायची नाही. मूळचे पुण्याचे. तीस वर्षं जपानात. लग्न केलं नाही. दुधाचे रिकामे खोके धुऊन, कात्रीनं उभे चिरून, कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालायचे. इमारतीतल्या नव्या भारतीय कुटुंबानं कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी ठेवली, तर ती उघडून, वर्गवारी करून, चिठ्ठीसकट त्यांच्या दाराशी परत ठेवायचे. लोक चिडायचे. सर म्हणायचे, "चिडा. पण प्लास्टिक वेगळं करा."

मला मायक्रोस्कोप त्यांनीच शिकवला. "काय दिसायला हवं ते आधी ठरवून आत येऊ नका," हे पहिलं वाक्य. "दिसलं म्हणजे असलं असं नाही," हे दुसरं. या दोन वाक्यांवर माझी पीएच.डी. उभी आहे, हे मी आजही मान्य करते. उपकार नाकारण्याचा माझा स्वभाव नाही. पण राग गिळण्याचाही नाही.

राग त्या वहीचा आहे.

दर रविवारी सरांच्या घरी पाच-सात मराठी माणसं जमायची. नवे पोस्टडॉक, पीएच.डी.ची पोरं, शेजारच्या उरायासूहून एखादं जोडपं. सर उपमा करायचे. रवा आणि पाणी वजनकाट्यावर मोजून घेतलेलं, त्यामुळं उपमा दर रविवारी हुबेहूब सारखा बेचव. खाऊन झालं की खटला सुरू. आरोपी रोमचा पहिला ख्रिस्ती सम्राट. त्याचं नाव सर कधी घेत नसत, "आपला बादशहा" म्हणत. प्रश्न एकच. हा माणूस मनापासून ख्रिस्ती झाला, की राज्यासाठी? खरा की खोटा?

हा छंद त्यांना कुठून लागला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "सोळाशे-सतराशे वर्षं निकाल लागलेला नाही. कोणीतरी लावायला नको?"

आरोपपत्र त्यांना तोंडपाठ. "एक, लढाईच्या आधी आकाशात क्रूस दिसला म्हणे. अहो, आमच्या यंत्राखाली पोरांना रोज हवं ते दिसतं! दोन, क्रूस दिसला, लढाई जिंकली, तरी पुढं कित्येक वर्षं नाण्यांवर सूर्यदेव. तीन, पोटचा मुलगा मारवला, पाठोपाठ बायको. चार, बाप्तिस्मा घेतला कधी? तर मरायला टेकल्यावर!" मग प्रत्येकाला उठवून विचारायचे, "खरा की खोटा? कारणं द्या." एखादा कारण न देता "खोटा" म्हणाला तर त्याला खाली बसवायचे. कारण पटलं की जाड वहीत त्याचं नाव, मत आणि कारणं, खोडायच्या पेनानं. "मत बदलायचा हक्क आहे प्रत्येकाला," म्हणायचे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा वहीसाठी माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. नाव मराठी, आडनाव मराठी, पण मधलं, वडिलांचं नाव बायबलातलं. सरांचं पेन थांबलं.

"तुम्ही ख्रिस्ती?"

"हो. नगर जिल्ह्यातली."

"मग तुम्ही पक्षकार झालात. तुमचं मत धरता येणार नाही." आणि टेबलाच्या खणातून त्यांनी एक शिक्का काढला. स्टेशनजवळच्या शिक्केवाल्याकडून देवनागरीत खास करून घेतलेला. लाल शाईत दाबला आणि माझ्या नावापुढं उठवला. 'बाद.'

सगळे हसले. मीही हसले, नवी होते. घरी जाऊन मात्र जेवले नाही.

हिशेब बघा. त्या वहीत सतरा जणांची मतं होती. सगळे जन्मानं हिंदू, ती सगळी निःपक्षपाती. एक मी, तर माझं पक्षपाती! धर्म काय फक्त मलाच होता? त्यांचं मत म्हणजे विचार आणि माझं मत म्हणजे रक्त? आणि ज्या माणसानं मला शिकवलं की काय दिसायला हवं ते ठरवून आत येऊ नका, त्यानं मी तोंड उघडायच्या आत शिक्का उठवला.

खरी गंमत पुढंच आहे. माझं मत होतं 'खोटा'. मला त्या बादशहाचं कधीच काही पटलं नव्हतं. पण विचारलं कोणी? आणि मी तरी कशाला सांगू? उगाच "मी तुमच्याच बाजूची आहे" असं पुढं होऊन सांगणं माझ्यानं होत नाही. ते खुशामतीसारखं दिसतं. पुढं सहा वर्षं मी दर रविवारी उपमा खाल्ला आणि गप्प बसले. विचारतील तेव्हा सांगेन, असं ठरवून.

माझं 'खोटा' कुठून आलं ते सांगते. माझे पणजोबा दुष्काळात ख्रिस्ती झाले. "पोटासाठी बाटले," हे मी शाळेत ऐकलं, कॉलेजात ऐकलं, आणि पुण्यातल्या एका वसतिगृहात कपबशी वेगळी ठेवणाऱ्या मुलीकडूनही ऐकलं. वडील मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय. घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा हेडमास्तरांनी पप्पांना बोलावून घेतलं. म्हणाले, "कागदावर हिंदू लिहा. एस.सी.चा दाखला मिळेल, शिष्यवृत्ती मिळेल, पोरीचं वसतिगृह होईल. रविवारी देवळात जायला तुम्हाला कोण अडवतंय?" ख्रिस्ती म्हटलं की तो दाखला गेला. जात मात्र गेली नव्हती. गावाला ती पाठ होती, फक्त सरकार विसरलं होतं. ओळखीच्या तीन घरांनी तसं लिहून दिलं होतं आणि त्यांना मी नावं ठेवत नाही.

पप्पांनी फॉर्म हातात घेतला, वाचला, आणि म्हणाले, "सर, जे नाही ते कसं लिहू?"

झालं. माझं वसतिगृह गेलं. दोन वर्षं पहाटेची एस.टी. धरून मी तालुक्याला गेले. पप्पांशी महिनाभर बोलले नाही. सोळा वर्षांची होते, मला वाटायचं या माणसाला माझ्यापेक्षा एक शब्द जास्त आहे. आजही कधीकधी वाटतं. म्हणून मला तो बादशहा पटत नाही. धर्म बदलला आणि राज्य मिळालं, त्यात खरं-खोटं कसं कळणार? ज्याच्या खिशातून काही गेलं, त्याला विचारा.

पाचव्या वर्षी मी पप्पांना पंधरा दिवसांसाठी ग्योतोकुला आणलं. आयुष्यातलं पहिलं विमान. स्टेशनवरच्या सरकत्या जिन्याला ते आधी नमस्कार करतात की काय असं मला वाटलं, पण सरळ चढले. त्यांना दुकानातल्या भाज्यांपेक्षा इथल्या दवाखान्यांत रस. रस्त्यावर रुग्णवाहिका दिसली की थांबून बघायचे. "स्ट्रेचर हलकं आहे गं यांचं."

रविवारी त्यांना सरांकडे न्यायचं माझ्या मनात नव्हतं. पण सरांनीच बोलावलं. "वडील आलेत आणि इकडं नाही? असं कसं चालेल?" गेलो. पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला बॉलपेन लावून. दवाखान्यातली सवय.

उपमा झाला. पप्पा म्हणाले, "छान आहे." आमच्यापैकी कोणी आजवर तसं म्हटलं नव्हतं. सर खूश झाले. खटला सुरू झाला. आरोपपत्र वाचून झालं तेव्हा निखिल नावाचा एक पुण्याचा पोस्टडॉक म्हणाला, "सर, काकांचं मत घ्या की."

सरांचा हात खणाकडं गेला. "घेतलं असतं. पण तेही पक्षकारच." शिक्का टेबलावर आला. मग बहुधा पाहुण्याशी चार शब्द बोलावेत म्हणून त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी बाप्तिस्मा कधी झाला? दुष्काळाच्या आधी की नंतर?"

सर त्या प्रश्नात दुष्ट नव्हते. त्यांना तारीख हवी होती. पण चाकू हौसेनं धरला काय आणि रागानं धरला काय, कापायचा तो कापतोच.

पप्पा म्हणाले, "दुष्काळातच. आजोबांना मिशनकडून धान्य मिळालं. बाजरी."

"घ्या! मग हा खटला एका मिनिटाचा," निखिल म्हणाला आणि हसला.

मी उठले. वाटी कुठं ठेवली मला आठवत नाही. "हसतोस काय रे? बाजरी दोन वर्षं मिळाली. पुढं चार पिढ्या काय मिळालं, विचार ना! दाखला गेला, शिष्यवृत्ती गेली, माझं वसतिगृह गेलं. हेडमास्तर म्हणत होते एक शब्द खोटा लिहा, या माणसानं लिहिला नाही. तुझ्या घरात कोणी धर्मासाठी एस.टी.चं तिकीट तरी सोडलंय का? आणि सर, तुम्ही! बादशहाला काय मिळालं ते इतकी वर्षं मोजताय. आम्ही काय सोडलं ते एकदा तरी विचारलंत? शिक्का तेवढा तयार! माशीचा पाय बघायचा तर तुम्हाला तीन नमुने लागतात. माणूस बघायला मधलं नाव पुरतं?"

निखिल चमचा बघत होता.

"बस बाळा," पप्पा म्हणाले. "साहेबांनी मला विचारलंय." मी बसले. पप्पांनी सरांकडं बघितलं. "शिक्का मारा साहेब, हरकत नाही. पण मला सांगा, तुमचा तो बादशहा मेला कसा?"

सरांना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी वहीची मागची पानं उलटली. "आजारी होता. बाप्तिस्मा घेतला. मग पांढरे कपडे घातले. सम्राटाचे जांभळे कपडे काढून ठेवले ते पुन्हा अंगाला लावले नाहीत, असं लिहिलंय. पण लिहिणारा पाद्री, त्याच्याच बाजूचा. मी ती साक्ष बाद केली आहे."

"हं," पप्पा म्हणाले. "साहेब, माझं काम होतं मरणाऱ्याचं अंग पुसायचं आणि कपडे बदलायचे. बत्तीस वर्षं केलं. शेवटी देवाचं नाव कोणीही घेतं. भ्यालेला असतो माणूस. पाळकाला बोलावतो, भटजीला बोलावतो, मौलवीला बोलावतो. त्यावरून काही कळत नाही. कपडे काढायला गेलं की कळतं. एक पाटील होते आमच्याकडे, नाकात नळी, तरी डोक्याचा फेटा खाली ठेवू देईनात. एक सावकार, श्वास लागलेला, कोटाची बटणं मुठीत धरून बसलेला. चार चार माणसं लागायची. ज्याच्यामुळं लोक आपल्याला ओळखतात ना, ते माणूस सुटू देत नाही. जीव सुटला तरी मूठ सुटत नाही. आता हा तर बादशहा. त्यानं जांभळं काढून दिलं म्हणता, आणि परत मागितलं नाही. आधीचं मला ठाऊक नाही. आधी असेल लबाड. पण त्या दिवशी तो नाटक करत नव्हता."

"पण पाद्री पक्षपाती होता," सर म्हणाले. आवाज मात्र बारीक झाला होता.

"मग पाद्र्याला कशाला विचारता? कपडे ज्यानं बदलले त्याला विचारा. पाद्री खोलीत नंतर येतो."

सरांनी शिक्का उचलला, झाकण लावलं आणि खणात ठेवला. वहीचं कोरं पान काढलं, वर लिहिलं 'साक्षीदार', आणि पेन उघडलं. "पुन्हा सांगता का? सावकाश."

पप्पांनी पेनाच्या मागचं रबर बघितलं. "खोडायचं पेन आहे का हे? मग नको. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये खोडाखोड चालत नसे. मीच लिहितो." आणि खिशातलं बॉलपेन काढून, जीभ ओठांत धरून, दवाखान्यात ड्यूटी लिहावी तसं त्यांनी सगळं लिहिलं. खाली सही. सहीखाली 'निवृत्त वॉर्डबॉय'.

सरांनी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपच्या यादीत सकाळची सगळ्यात चांगली वेळ माझ्या नावावर लागलेली होती. मी ती घेतली. पण माफी वेगळी आणि वेळ वेगळी, हे मला कळतं. निखिल मात्र त्याच रविवारी संध्याकाळी आमच्या दाराशी आला आणि पप्पांच्या पाया पडून गेला. सरांना ते सुचलं नाही. माझ्या नावापुढचा शिक्का होता तसाच राहिला, आणि माझं मत पुढच्या वर्षभरातही कोणी विचारलं नाही.

मग सर निवृत्त झाले. नागोयाला भाची मोटारींच्या कंपनीत इंजिनियर आहे, तिच्याजवळ म्हाताऱ्यांसाठीच्या इमारतीत एक खोली घेतली. निरोपाला मी स्टेशनवर गेले. सरांनी शिंकान्सेनच्या खिडकीतून कागद दाखवला, "उपम्याचं प्रमाण मेल करतो." केलंही. मी अजून करून बघितलेला नाही.

यंदा ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"तुमच्या लॅबमध्ये मायनस वीसचा फ्रीजर आहे ना?"

"आहे. का?"

"वही भाचीच्या गाडीत राहिली. मागच्या काचेशी. दिवसभर उन्हात. सगळी मतं उडाली. ही शाई तापली की जाते आणि गोठवली की परत येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या इथल्या फ्रीजला धड बर्फाचा कप्पा नाही. कुरियरनं पाठवतोय. एक रात्र ठेवा."

वही दुसऱ्या दिवशी आली. मी ती टेबलावर उघडली. पान, पान, पान कोरं. सतरा जणांचं सगळं निःपक्षपातीपण एका दुपारच्या उन्हात उडालेलं. आरोपपत्रसुद्धा. जिथं माझं नाव होतं त्या पानावर नाव नाही, फक्त लाल शिक्का. 'बाद.' आणि मागं, एकाच पानावर, पप्पांचं निळं बॉलपेन. अक्षर ना अक्षर जागेवर.

मी ती वही बराच वेळ बघत बसले. फ्रीजर चार पावलांवर होता.

चौथ्या दिवशी फोन. "झालं का?"

"फ्रीजर भरलाय, सर."

"पूर्ण?"

"पूर्ण."

मी खोटं बोलत होते, आणि त्यांना ते कळलं. माझ्या लॅबमधल्या प्रत्येक फ्रीजरचा कप्पा त्यांना पाठ आहे. म्हणाले, "मग पुन्हा पहिल्यापासून मतं घ्यावी लागतील."

"घ्या. पण आधी तो शिक्का फेका."

"फेकतो." मग हिशेब करत म्हणाले, "रबर आणि लाकूड वेगळं करावं लागेल. लाकूड जळणाऱ्या कचऱ्यात जाईल. रबराचं मला वॉर्ड ऑफिसला विचारायला हवं. न जळणाऱ्यात गेलं तर इथं ती गाडी महिन्यातून एकदाच येते."

"मला घाई नाही," मी म्हटलं. "सहा वर्षं थांबले आहे."

तीन आठवडे गेले. मग एका बुधवारी, मी लॅबमध्ये नुकती पोचलेली असताना फोन वाजला. "काल गाडी येऊन गेली," सर म्हणाले. घसा खाकरला. मग तोच रविवारचा आवाज, जो आजवर कधी माझ्याकडं वळला नव्हता. "खरा की खोटा?"

"खोटा."

त्यांनी सहा वर्षांपूर्वी मला उगाच बाद केलं होतं, मी त्यांच्याच बाजूची निघाले होते, हे त्यांच्या डोक्यात उतरत होतं, ते मला इथून ऐकू येत होतं. ते आता "माफ करा" म्हणतील असं मला वाटलं. म्हणाले नाहीत. त्याऐवजी कागद सरकवल्याचा आवाज आला.

"कारणं द्या," सर म्हणाले.

मी खुर्ची ओढली. "आधी बॉलपेन घ्या."